रजिस्टरातले नाव

चवथीच्या आधीच्या रविवारी आपल्या मंडळाचे रक्तदान शिबिर असते, हे इथल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मांडव अजून अर्धा उभा असतो, विजेच्या माळा जमिनीवर पसरलेल्या असतात आणि सभागृहात चार खाटा मांडून रक्तपेढीची माणसे कामाला लागतात. रक्त दिले की बिस्किटे, चहा आणि प्रमाणपत्र. संध्याकाळी किती बाटल्या झाल्या तो आकडा आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितो.

यंदा संपादक मंडळाने 'गोव्याच्या इतिहासावर काहीतरी लिहा' असे सांगितले. किल्ले, देवळांची स्थलांतरे, मुक्तिसंग्राम या विषयांवर जाणकारांनी या स्मरणिकेत पूर्वी लिहिले आहे. आम्ही सार्वजनिक बांधकाम खात्यातले पदविकाधारक, इतिहासाचे अभ्यासक नव्हे. पण ज्या इतिहासाशी आपल्या रक्तदान शिबिराचे थेट नाते आहे, तो या पानांवर कधी आलेला नाही. तो आपल्या बार्देशात, म्हापशात घडला. एका रक्तदात्याला रक्त दिल्यामुळे बंदिवास भोगावा लागला आणि त्यातूनच गोव्यात रुग्णाने स्वतः उभी केलेली एक संस्था जन्माला आली, ही ती गोष्ट.

१४ फेब्रुवारी १९८९

डॉमनिक डिसोझा हे पर्रा गावचे. ऐन तारुण्यातले, नोकरी करणारे, नाटकाची हौस असलेले आणि नेमाने रक्तदान करणारे. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस त्यांच्या घरी आले आणि त्यांना म्हापशाच्या पोलीस ठाण्यावर घेऊन गेले. कशासाठी, ते कोणी सांगितले नाही. तिथून त्यांना रुग्णालयात नेले. तिथल्या एका रजिस्टरावर 'एड्स' हा शब्द आणि त्याच रजिस्टरात आपले नाव दिसले, तेव्हा आपल्याला काय झाले आहे ते त्यांना कळले. समोर बसवून शांतपणे सांगणारे कोणी नव्हते. दिलेल्या रक्ताची तपासणी झाली होती आणि तिचा निकाल दात्याच्या आधी पोलिसांना ठाऊक झाला होता.

त्यांना म्हापशातल्याच, पूर्वी क्षयरोग्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत एकटे ठेवण्यात आले. दाराशी पोलीस. बंद पडलेली सरकारी इमारत म्हणजे काय असते ते आमच्या खात्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. अशा इमारतींच्या मोजमापासाठी आम्ही कित्येकदा गेलो आहोत. भिंतींना ओल, खिडक्यांना गंज आणि बोललो तर आपलाच आवाज परत येतो. अर्धा तास झाला की बाहेर पडावेसे वाटते. डॉमनिक डिसोझा असे ६४ दिवस राहिले. गुन्हा कसलाच नव्हता.

हे कायद्याला धरूनच झाले होते, ही यातली अधिक जड गोष्ट. गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ चा. त्यात पुढे दुरुस्ती करून, तपासणीत एचआयव्ही आढळलेल्या माणसाला वेगळे ठेवण्याची तरतूद घालण्यात आली होती. भारतात हा विषाणू पहिल्यांदा आढळला तो १९८६ साली, मद्रासमध्ये. त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. शेकहँडने, एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने हा रोग लागत नाही हे डॉक्टरांना तेव्हाही माहीत होते. पण भीती शास्त्रापेक्षा लवकर पोचते.

आम्ही त्या वर्षी प्राथमिक शाळेत होतो. एवढे आठवते की घरात वर्तमानपत्र उघडले की मोठी माणसे आवाज खाली करत, आणि शाळेत कोणाशी भांडण झाले की मुले त्या रोगाचे नाव शिवीसारखे वापरत. त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. ज्याच्यामुळे तो शब्द आमच्यापर्यंत आला, तो माणूस आमच्याच तालुक्यातला आहे, हेही ठाऊक नव्हते.

आई न्यायालयात जाते

डॉमनिक यांच्यामागे पहिल्यांदा उभी राहिली ती त्यांची आई, लुसी डिसोझा. त्यांच्या नावानेच मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात सरकारविरुद्ध याचिका दाखल झाली. लॉयर्स कलेक्टिव्हचे वकील आनंद ग्रोव्हर यांनी बाजू मांडली. बाहेर मित्रमंडळी, नाटकातले सहकारी आणि कॉलेजचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ६४ दिवसांनंतर डॉमनिक घरी आले.

अंतिम निकाल मात्र विरोधात गेला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत संघर्ष आला तर समाजाचे हित वरचढ, असा विचार करून न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. आधी सक्तीचे असलेले विलगीकरण तेवढे सरकारने गरजेप्रमाणे वापरायचा अधिकार म्हणून उरले. खटल्याच्या हिशेबात ही हार होती. पण या खटल्यामुळे एक प्रश्न देशभर विचारला जाऊ लागला. ज्याला कोंडले तो एकच माणूस सापडला होता. न सापडलेल्यांचे काय? तपासणीला गेलो तर पोलीस येतील, अशी धास्ती बसली की लोक तपासणीलाच जाणार नाहीत. मग समाजाचे हित तरी कसे साधणार?

डॉमनिक घरी आले, पण त्यांची नोकरी उरली नाही. आता घराघरांत लोक त्यांना नावाने ओळखत होते. यापुढे त्यांना दोन वाटा होत्या. गाव सोडून अनोळखी शहरात नाहीसे व्हायचे, किंवा जे नाव दुसऱ्यांनी रजिस्टरात लिहून उघड केले, ते स्वतःच्या तोंडाने घ्यायचे. त्यांनी दुसरी वाट धरली. ते आपल्या आजाराबद्दल उघडपणे बोलू लागले.

१९९२ साली त्यांनी प्राध्यापिका आणि नाट्यदिग्दर्शिका इझाबेल द सांता रिता वाझ यांच्या साथीने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था स्थापन केली. नावातच सगळे आले. तपासणीच्या कागदावरचा जो शब्द ऐकून माणसाचे पाय गळतात, तोच त्यांनी पाटीवर लावला. त्याच वर्षी मे महिन्यात डॉमनिक यांचे मुंबईत निधन झाले. संस्थेची स्थापना आणि संस्थापकाचा मृत्यू एकाच वर्षातले. तरीही लोकांना माहिती देणे, बाधितांना व त्यांच्या घरच्यांना आधार देणे हे काम त्यांच्या मागे चालू राहिले. २००५ साली आलेला 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. त्यामागची प्रेरणा डॉमनिक यांच्या आयुष्याची होती.

नाव झाकणारे आणि नाव सांगणारे

रुग्णांनी रुग्णांसाठी एकत्र बसावे, ही कल्पना डॉमनिक यांच्याही आधीची. तिचा प्रवास थोडक्यात पाहण्यासारखा आहे.

१९३५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन या गावी, दारूच्या व्यसनाने मोडलेला एक शेअर दलाल आणि तसाच एक शल्यविशारद समोरासमोर बसून बोलले. उपदेश ऐकून जे जमले नव्हते ते आपल्यासारख्याच माणसाशी बोलून जमते, असे त्यांना आढळले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' उभी राहिली. गोव्यातही तिच्या बैठका भरतात. तिचे नियम साधे आहेत. आडनाव विचारायचे नाही. इथे ऐकलेले बाहेर न्यायचे नाही. खर्च सदस्यांनीच उचलायचा, बाहेरची देणगी घ्यायची नाही. आणि कोणी कायमचा अध्यक्ष नाही, जबाबदारी फिरती ठेवायची. आपल्याकडच्या मंडळांचा अनुभव ज्यांना आहे, त्यांनी हा शेवटचा नियम दोनदा वाचावा.

एड्सच्या रुग्णांनी याच्या उलट पाऊल टाकले. १९८३ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात भरलेल्या परिषदेत काही रुग्ण स्वतः व्यासपीठावर गेले. आम्हाला 'बळी' म्हणू नका, आम्ही हा आजार असलेली माणसे आहोत, आणि आमच्याबद्दल निर्णय होतील तिथे आम्हाला बसू द्या, असे त्यांनी मांडले. ही डेन्व्हर तत्त्वे म्हणून ओळखली जातात. अकरा वर्षांनी, १ डिसेंबर १९९४ रोजी, पॅरिसमध्ये ४२ देशांनी एड्सच्या कामात बाधित माणसांचा सहभाग मान्य केला. भारतात १९९७ साली बाधितांनी आपले देशव्यापी संघटन बांधले.

एका बाजूला नाव झाकणारे, दुसऱ्या बाजूला नाव सांगणारे. दोन्ही परस्परविरोधी वाटतात. पण आमच्या मते दोघांचा पाया एकच आहे. आजारी माणसाचे नाव ही त्याची स्वतःची वस्तू आहे. ते झाकायचे की सांगायचे, कधी आणि कोणाला, हे तो ठरवील. म्हापशाच्या रजिस्टराने हा हक्क डॉमनिक यांच्याकडून हिसकावला होता. 'पॉझिटिव्ह पीपल' काढून त्यांनी तो परत घेतला.

अशा संघटनांनी नुसता धीर दिला असे नाही. एचआयव्हीवरची औषधे सुरुवातीला सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेर होती. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणण्याची तयारी दाखवली, तेव्हा जगभर खळबळ उडाली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. ती नियमित घेणारा माणूस आज मधुमेह्यासारखे दीर्घ आयुष्य जगू शकतो. पुढे २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा झाला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय तपासणी करणे, त्याचा अहवाल उघड करणे, नोकरीत किंवा शाळेत त्याच्याशी भेदभाव करणे आता बेकायदा आहे. १९८९ साली न्यायालयात हरलेली बाजू एकोणतीस वर्षांनी देशाचा कायदा झाली.

आमच्या मंडळातली लाल खूण

इथवर दुसऱ्यांबद्दल लिहिले. आता आमच्याबद्दल लिहायला हवे, नाहीतर हा लेख खोटा ठरेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शिबिरात वाड्यावरच्या एका तरुणाने रक्त दिले. मंडळाचा उत्साही कार्यकर्ता, आरतीला झांज त्याच्याच हाती असे. काही दिवसांनी रक्तपेढीतून शिबिर पाहणाऱ्या आमच्यातल्या एकाला फोन आला. त्या तरुणाने अर्जावर लिहिलेला फोन नंबर लागत नव्हता, तेवढा हवा होता. बाकी काही सांगितले गेले नाही. आमच्या माणसाने नंबर दिला आणि विसरू नये म्हणून रक्तदात्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे लाल पेनने खूण केली. ती यादी समितीच्या टेबलावर पडून होती. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी ती पाहिली.

कोणी काही बोलले नाही. कोणी बोलले नाही म्हणूनच ते पसरले. प्रसादाचे ताट त्याच्या हातून घेताना माणसे क्षणभर थबकू लागली. झांज कोणीतरी आधीच उचलून ठेवू लागले. अनंत चतुर्दशीला तो विसर्जनाला आला नाही. पुढच्या वर्षी ते कुटुंबच दुसऱ्या गावी राहायला गेल्याचे कळले. आम्ही त्याच्या घरी एकदाही गेलो नाही. काय बोलायचे ते सुचत नाही, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती.

सात-आठ वर्षांनी पणजीच्या कदंब बसस्थानकावर तो आम्हाला भेटला. आम्ही ओशाळलो होतो, तो नव्हता. म्हणाला, "पहिल्या तपासणीत शंका आली होती म्हणून दुसऱ्यांदा बोलावलं. दुसरी स्वच्छ आली. आठ दिवसांत सगळं मिटलं होतं. पण तुम्ही लोकांनी त्याआधीच निकाल लावला होता."

पहिली चाचणी ही चाळणी असते, तिच्यात कधीकधी निरोगी माणूसही अडकतो आणि म्हणूनच खात्रीची दुसरी चाचणी करतात, हे आम्हाला नंतर कळले. पण समजा दुसऱ्या चाचणीतही दोष निघाला असता, तर आमचे वागणे बरोबर ठरले असते का? मुळीच नाही. उलट तेव्हा त्याला झांजेची, आरतीची आणि आमची अधिक गरज पडली असती. १९८९ साली ते रजिस्टर सरकारचे होते. आमच्या मंडळातले रजिस्टर आमचे होते.

वहिनींची बैठक

काही वर्षांपूर्वी वाड्यावरच्या एक वहिनी मंडळाकडे सभागृह मागायला आल्या. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दर वेळी चार तास यंत्राला जोडलेले. तिथे शेजारच्या खाटांवरची माणसे नेहमीचीच असतात. पण थकलेल्या शरीराने बोलणे होत नाही. "महिन्यातून एकदा यंत्राशिवाय भेटायचं आहे," त्या म्हणाल्या.

समितीने सवयीने विचारले, उद्घाटनाला कोणते डॉक्टर बोलवायचे? समई कोण आणील? वहिनी हसल्या. "भाई, उद्घाटन नको. खुर्च्या गोल मांडा आणि दार लोटून घ्या."

पहिल्या बैठकीला चौघे आले. तिसऱ्या बैठकीला एकट्या वहिनीच होत्या. त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. सभागृहाच्या किल्ल्या आमच्याकडे असल्याने आम्ही घरी जाऊया म्हणालो. त्या पूर्ण तासभर बसून राहिल्या. म्हणाल्या, "उशिरा कोणी आलं आणि दार बंद दिसलं, तर ते परत येणार नाही." पुढे हळूहळू माणसे वाढली. आता कधी दहा, कधी पंधरा असतात.

आत काय बोलले जाते ते आम्ही सांगणार नाही. वहिनींनी परवानगी दिली तेवढेच सांगतो. दिवसाचे ठरवून दिलेले पाणी सकाळीच बाटलीत मोजून ठेवायचे आणि त्यातूनच गोळी, चहा, सगळे भागवायचे. फारच तहान लागली तर बर्फाचा एक लहान खडा तोंडात ठेवायचा. ज्या हातावर डायलिसिससाठी नस जोडलेली आहे, त्या हाताने घागर उचलायची नाही आणि त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. चवथीत माटोळीची फळे, शहाळी, खतखते समोर येते, आणि 'एवढ्याने काय होतंय' म्हणणारे पाहुणेही येतात; पोटॅशियम वाढले तर हृदयावर बेतते, हे त्यांना न दुखावता कसे सांगायचे, यावर एक आख्खी बैठक झाली म्हणे. डॉक्टर हे सगळे सांगतातच. पण सणाच्या दिवशी घरातल्या पंगतीत ते कसे निभवायचे, हे तसाच पंगतीत बसलेला दुसरा रुग्णच सांगू शकतो.

त्यांचे नियम चारच. दुसऱ्याला औषध किंवा त्याचे प्रमाण सुचवायचे नाही, ते डॉक्टरांचे काम. कोणाचीही जाहिरात, काढा, चमत्कारी उपाय बैठकीत आणायचे नाहीत. चहाचा खर्च डब्यात ज्याला जमेल तसा. आणि बैठक चालवणारे दर सहा महिन्यांनी बदलायचे. या शेवटच्या नियमावर आमच्या समितीतल्या ज्येष्ठांनी नाराजी दाखवली. "चांगलं चाललंय तर बदलायचं कशाला?" वहिनींचे उत्तर सरळ होते. "आमच्यातलं कोण पुढच्या चवथीला असेल ते आम्हाला माहीत नाही. माझ्यावाचून अडायला नको." डॉमनिक डिसोझांची गोष्ट त्यांनी वाचली होती की नाही, आम्ही विचारले नाही. पण संस्थापक गेल्यावरही संस्था कशी टिकते, याचे उत्तर त्या वाक्यात होते. त्यांच्यातले दोघे आज नाहीत. बैठक एकदाही चुकलेली नाही.

त्यांच्याकडे एक वही आहे. एकदा कुतूहलाने आम्ही ती उघडली. तारीख, किती जण आले तो आकडा आणि चहाचा हिशेब. नाव एकही नाही.

त्यानंतर आम्ही आमच्या शिबिरातही बदल केला. रक्तदात्यांची यादी मंडळ आता ठेवत नाही. अर्ज दात्याने भरायचा आणि थेट रक्तपेढीच्या माणसाकडे द्यायचा. फोन नंबर नीट लिहिला आहे ना, एवढेच आमचा कार्यकर्ता दात्याला विचारतो. पेढीचा निरोप गेला तर तो त्या माणसालाच जाईल. आमच्या फळ्यावर फक्त बाटल्यांचा आकडा असतो आणि तेवढा पुरे आहे.

या लेखात वहिनींचे नाव नाही, कारण यंदा त्यांना ते नको आहे. पुढच्या वर्षी हवे असेल तर त्या स्वतःच लिहितील, पाने आम्ही राखून ठेवू. झांज वाजवणाऱ्या त्या मित्रालाही आम्ही दरवर्षी आमंत्रण पाठवतो. अजून तो आलेला नाही. येणे न येणे त्याच्याकडे; बोलावणे आमच्याकडे.

बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, मंडळाच्या सभागृहात असते. मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण किंवा त्यांच्या घरचे कोणीही येऊ शकतात. दार लोटलेले असले तरी कडी घातलेली नसते. आत येताना नाव सांगण्याची गरज नाही.